लॅपटॉपच्या कडेची फट आणि पेढीचा हिशेब

लाल कापडी बांधणीची वही, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि 'शुभ-लाभ' ही अक्षरे, हे चित्र व्यापारी घरांत अद्याप पुसले गेलेले नाही. दिवाळीच्या संध्याकाळी वहीपूजन आजही होते. मात्र पूजेच्या पाटावर आता वहीशेजारी लॅपटॉपही मांडला जातो, आणि खरा हिशेब त्याच्याच पोटात असतो. खरेदी-विक्रीची बिले, उधारीची खाती, मालाचा साठा, जीएसटीची विवरणे, बँकेचे उतारे आणि त्यांच्या जोडीला घरातील लग्नांची छायाचित्रे, यात्रेच्या चित्रफिती, वाटणीपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती असा पिढ्यांचा ऐवज त्या एका यंत्रात साठलेला असतो.

जुने मुनीम संध्याकाळी रोजमेळ मिळवल्याशिवाय आणि वह्या लोखंडी कपाटात ठेवल्याशिवाय पेढी वाढवीत नसत. वही भिजली, जळली किंवा वाळवीने खाल्ली, तर येणी सिद्ध करणे कठीण होई. पैशाबरोबर शब्दही बुडे. लॅपटॉपच्या बाबतीत ही दक्षता किती घरांत पाळली जाते? यंत्र बिघडेपर्यंत बहुतेकांना हा प्रश्न पडत नाही. आणि ज्यांना पडतो, त्यांतील अनेकांनी हार्ड डिस्क विकत आणलेली असते, पण तिच्यात शेवटची प्रत कधी घेतली हे कोणालाच आठवत नसते. याचे कारण आळस एवढेच नसते. जुन्या लॅपटॉपवरून प्रत घेण्यास इतका वेळ लागतो, की दोन-तीन वेळा ते काम अर्धवट सुटते आणि मग कायमचे मागे पडते. या संथपणाचे मूळ कोठे आहे आणि त्यावर थोड्या खर्चात कोणता उपाय आहे, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे ठरेल.

हिशेब किती वर्षे जपावा?

आधी गरज पाहू. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत करदात्याने आपली खाती व कागदपत्रे, त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावयाची असतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर ती मुदत आणखी लांबते. ज्यांचा व्यवसाय कंपनीच्या रूपाने चालतो, त्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे मागील आठ आर्थिक वर्षांची पुस्तके सांभाळावी लागतात. शिवाय ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या नियमबदलानंतर कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबाची प्रत भारतातच असलेल्या सर्व्हरवर दररोज घ्यावयाची आहे. मालकीच्या वा भागीदारीच्या पेढीला हा दैनिक प्रतीचा नियम लागू नसला, तरी त्यामागचा विचार कोणत्याही व्यापाऱ्याला पटण्यासारखा आहे.

म्हणजे सहा-आठ वर्षांचा हिशेब मागताक्षणी काढून दाखवता आला पाहिजे. लॅपटॉपचे आयुष्य मात्र बहुधा त्याहून कमी असते. यंत्र बदलत राहणार आणि हिशेब टिकून राहणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था लावली पाहिजे.

गोदाम मोठे, दार अरुंद

संगणकाच्या वेगाचे आकडे वाचताना पहिली फसगत मापातच होते. तारेचा किंवा जोडणीचा वेग 'बिट'मध्ये सांगतात, तर फायलींचे आकारमान 'बाइट'मध्ये मोजतात. आठ बिट मिळून एक बाइट होते. भाव शेराचा आणि वजन मणाचे, असा हा प्रकार. यूएसबी २.० ही जोडणी एप्रिल २००० मध्ये आली. तिचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट सांगितला जातो, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. त्यातूनही पत्त्यांची, पोचपावत्यांची देवाणघेवाण वजा जाता प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ मेगाबाइट एवढाच माल पलीकडे पोहोचतो.

आता साधा गुणाकार करून पाहावा. घरातील सर्व फायली मिळून ५०० गिगाबाइट आहेत असे धरले, तर सेकंदाला ३० मेगाबाइट या गतीने प्रत घेण्यास सुमारे साडेचार तासांहून अधिक वेळ लागेल. हीच प्रत सेकंदाला १०० मेगाबाइट गतीने सुमारे एक तास तेवीस मिनिटांत आणि ४०० मेगाबाइट गतीने एकवीस मिनिटांत होईल. ज्या कामाला साडेचार तास लागतात ते दर आठवड्याला होत नाही; ज्याला तास-सव्वा तास लागतो ते रविवारी जेवणाच्या वेळेत आटपते. सवय लागणे किंवा न लागणे हे अनेकदा एवढ्याच फरकावर अवलंबून असते.

साधी फिरत्या तबकडीची सुटी हार्ड डिस्कही सेकंदाला शंभराच्या आसपास मेगाबाइट लिहू शकते. म्हणजे डिस्क नवी आणि चपळ असली, तरी यूएसबी २.० च्या दारातून गेल्यावर तिचा दोन-तृतीयांश वेग वाया जातो. गोदाम प्रशस्त, हमाल तगडे, पण दारातून एका वेळी एकच पोते जाते, अशी ही स्थिती. ती सुधारायची तर दार रुंद करावयास हवे. अनेक जुन्या लॅपटॉपांत तशी सोय आधीपासूनच असते, आणि ती वर्षानुवर्षे रिकामी पडलेली असते.

कडेची फट

सुमारे २००५ ते २०१२ या काळातील बऱ्याच व्यावसायिक लॅपटॉपांच्या डाव्या किंवा उजव्या कडेला एक सपाट, आडवी फट दिसते. तिच्यात अनेकदा प्लॅस्टिकचा एक पातळ तुकडा बसवलेला असतो. तो धूळ अडवण्यासाठी असतो. किंचित दाबला की बाहेर येतो. हीच एक्सप्रेसकार्डची जागा.

या फटीची वंशावळ जुनी आहे. १९८९ मध्ये संगणक-उद्योगातील कंपन्यांनी एकत्र येऊन पीसीएमसीआयए ही संस्था स्थापिली आणि लॅपटॉपमध्ये बाहेरून बसवता येईल अशा पत्त्याएवढ्या कार्डाचे माप ठरवले. त्याला पुढे पीसी कार्ड म्हणू लागले, आणि त्याच्या अधिक वेगवान अवताराला कार्डबस हे नाव मिळाले. मोडेम, नेटवर्क, ज्यादा स्मृती अशा अनेक गोष्टी त्या कार्डांतून लॅपटॉपला जोडल्या गेल्या. २००३ मध्ये त्याच संस्थेने एक्सप्रेसकार्ड हे नवे माप पुढे आणले. नव्या कार्डाचे वैशिष्ट्य असे, की संगणकाच्या मुख्य पटावरील पीसीआय एक्सप्रेस या हमरस्त्याची एक मार्गिका थेट त्या फटीपर्यंत आणलेली असते. पहिल्या पिढीतील ही मार्गिका सेकंदाला २५० मेगाबाइट इतका भार प्रत्येक दिशेने वाहू शकते. व्यवहारात त्यातील दोनशेच्या आसपास हाती लागतात. म्हणजे साध्या सुट्या हार्ड डिस्कला जेवढा वाव हवा, त्याच्या दुप्पट.

कार्ड विकत घेण्यापूर्वी माप मात्र नीट पाहावे. एक्सप्रेसकार्ड दोन रुंदींत येते: ३४ मिलिमीटर आणि ५४ मिलिमीटर. ३४ चे कार्ड ५४ च्या फटीत बसते; उलट बसत नाही. दुसरा घोटाळा अधिक फसवा आहे. जुन्या पीसी कार्डाची रुंदीही ५४ मिलिमीटरच असते, त्यामुळे बाहेरून दोन्ही फटी सारख्याच भासतात. पण आतील जोड पूर्णपणे वेगळा असतो आणि एकाचे कार्ड दुसऱ्यात चालत नाही. जुन्या पीसी कार्डाच्या फटीत टोकदार पिनांच्या दोन रांगा दिसतात. एक्सप्रेसकार्डला सपाट संपर्कपट्ट्या असतात. लॅपटॉपच्या तळावरील चिठ्ठीवरून मॉडेलचा क्रमांक घेऊन उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. उदाहरणार्थ, २०११ सालच्या थिंकपॅड एक्स२२० ला ५४ मिलिमीटरची फट आहे. ॲपलने मात्र २००९ मध्येच पंधरा इंची मॅकबुक प्रोमधून ही फट काढून टाकली आणि तिच्या जागी एसडी कार्डाची खाच दिली.

कोणते कार्ड घ्यावे?

हार्ड डिस्कसाठी दोन प्रकारची एक्सप्रेसकार्डे प्रचलित झाली. पहिले ई-साटाचे. संगणकाच्या आत हार्ड डिस्क ज्या साटा जोडणीने बसवलेली असते, तीच जोडणी २००४ मध्ये बाहेर आणण्यात आली. तिची तार दोन मीटरपर्यंत लांब चालते आणि डिस्कला मध्ये दुभाषा लागत नाही, त्यामुळे आतल्या डिस्कइतकाच वेग मिळू शकतो. मात्र ई-साटाच्या तारेतून वीज जात नाही. म्हणजे डिस्कला स्वतःचा वेगळा विद्युतपुरवठा हवा. टेबलावर एका जागी राहणाऱ्या मोठ्या साडेतीन इंची डिस्कसाठी हे ठीक आहे. खिशात घालून नेण्याच्या डिस्कसाठी गैरसोयीचे.

दुसरे कार्ड यूएसबी ३.० चे. ही जोडणी नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झाली आणि तिचा कागदोपत्री वेग सेकंदाला ५ गिगाबिट आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सुट्या डिस्क याच जातीच्या असल्याने सर्वसाधारण घरासाठी हे कार्ड अधिक सोयीचे. एक्सप्रेसकार्डच्या एका मार्गिकेत यूएसबी ३.० चा पूर्ण वेग मावत नाही, हे खरे. पण फिरत्या तबकडीच्या डिस्कला तो पूर्ण वेग लागतही नाही. त्यामुळे अशा कार्डावर महागडी, अतिवेगवान एसएसडी लावून विशेष लाभ होणार नाही, हेही ओळखून खरेदी करावी.

विजेची अडचण येथेही आहे. एक्सप्रेसकार्डच्या फटीतून ३.३ व्होल्ट आणि १.५ व्होल्ट मिळतात. यूएसबीला ५ व्होल्ट लागतात. काही कार्डे आतल्या आत दाब वाढवून घेतात, पण पुरेसा प्रवाह देऊ शकत नाहीत. म्हणून चांगल्या कार्डाच्या पुढच्या बाजूस एक बारीक गोल छिद्र असते आणि त्यासोबत एक छोटी तार मिळते. तिचे दुसरे टोक लॅपटॉपच्या साध्या यूएसबी जागेत लावले की डिस्कला पुरेशी वीज मिळते. डिस्क लावल्यावर टिकटिक आवाज येणे, ती दिसून पुन्हा नाहीशी होणे, प्रत मध्येच तुटणे, ही बहुधा वीज अपुरी पडल्याची लक्षणे असतात. डिस्क खराब झाली असे समजून ती फेकून देण्यापूर्वी ही तार लावून पाहावी, किंवा स्वतंत्र ॲडॅप्टर असलेली डिस्क वापरावी.

आणखी एक सावधगिरी. एक्सप्रेसकार्डच्या फटीत पीसीआय एक्सप्रेसबरोबरच यूएसबी २.० ची वाटही दिलेली असते, आणि स्वस्त कार्डे कधीकधी तीच वाट वापरतात. असे कार्ड घेतल्यास दार नवे दिसेल, पण रुंदी जुनीच राहील. खोक्यावर 'यूएसबी ३.०' किंवा 'ई-साटा' असे स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय घेऊ नये.

बसवण्याची रीत

लॅपटॉप बंद करून फटीतील प्लॅस्टिकचा तुकडा काढावा, कार्ड सरळ धरून अलगद आत सरकवावे आणि हलका खटका ऐकू आला की थांबावे. जोर लावू नये. मग विजेची छोटी तार जोडून यंत्र सुरू करावे. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत यूएसबी ३.० ओळखण्याची व्यवस्था आधीच असते. विंडोज ७ मध्ये ती नाही; तेथे कार्डासोबत आलेले किंवा उत्पादकाने दिलेले ड्रायव्हर बसवावे लागतात. विंडोज एक्सपीवर चालणारे यंत्र असेल तर दोन टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क घेऊ नये, कारण त्यापुढील आकारमान त्या प्रणालीला सहसा हाताळता येत नाही.

ही जुनी यंत्रे इंटरनेटपासून दूर ठेवणे मात्र अगत्याचे. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. त्यानंतर सापडलेली छिद्रे तशीच उघडी आहेत. जुन्या लॅपटॉपवर जुना हिशेब पाहावा, त्याची प्रत काढावी. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

येथे एक प्रामाणिक प्रश्न विचारला पाहिजे: कार्ड घ्यावेच का? जुना लॅपटॉप एकदाच रिकामा करून मोडीत काढायचा असेल, तर कार्डाची गरज नाही. दुरुस्तीवाल्याकडून त्याची आतील डिस्क काढून घेऊन साटा-यूएसबी जोडणीच्या डबीत बसवली, की ती नव्या संगणकाला थेट जोडता येते. काम एका दुपारचे. कार्ड उपयोगी पडते ते जुना लॅपटॉप गल्ल्यावर अजून रोज राबत असेल आणि त्याची प्रत वारंवार घ्यायची असेल तेव्हा. कित्येक घरांत वडीलधारी मंडळी म्हणतात, "चालतंय ना, मग कशाला बदलायचं?" आणि तरुण पिढीला वाटते, की नवेच घ्यावे. काटकसरीच्या नजरेने पाहता दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. चालते यंत्र मोडीत घालू नये. पण त्यातील हिशेब त्या एकाच यंत्राच्या भरवशावर सोडणे ही काटकसर नव्हे.

नवी यंत्रे, नवी दारे

नव्या लॅपटॉपांतून एक्सप्रेसकार्डची फट नाहीशी झाली. यूएसबी ३.० यंत्रातच आले आणि पुढे लंबगोल तोंडाचे यूएसबी-सी आले. २०११ मध्ये आलेल्या थंडरबोल्ट या जोडणीने पीसीआय एक्सप्रेसचा हमरस्ता तारेतून बाहेर आणला. म्हणजे जे काम पूर्वी फटीतील कार्ड करी, ते आता बारीक छिद्रातून होऊ लागले. २०१५ पासून थंडरबोल्ट ३ ने यूएसबी-सीचेच तोंड स्वीकारले आणि सेकंदाला ४० गिगाबिटांपर्यंत मजल मारली.

कार्डाची कल्पना मात्र पुरती मावळली नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील फ्रेमवर्क या कंपनीने असा लॅपटॉप बाजारात आणला, की ज्याच्या कडांना चार चौकोनी खण आहेत. प्रत्येक खणात ग्राहकाने आपल्या गरजेप्रमाणे छोटे एक्स्पान्शन कार्ड सरकवायचे: कोणी यूएसबीचे, कोणी पडद्याला जोडण्याचे, कोणी स्मृतिकार्ड वाचण्याचे. २५० गिगाबाइट आणि एक टेराबाइट साठवणीची कार्डेही तिने काढली; तीत कार्ड हीच डिस्क असते. प्रत्येक खणाच्या आत मुळात यूएसबी-सीची जोडणी असल्याने ही कार्डे दुसऱ्या लॅपटॉपच्या यूएसबी-सी छिद्रातही चालतात. भाग बदलता यावेत, एक बिघडला म्हणून सारे यंत्र टाकावे लागू नये, हा त्या रचनेमागचा विचार आहे. वस्तू दुरुस्त करून पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या घरांना तो परका वाटणार नाही.

नव्या यंत्रांचाही एक सापळा आहे. यूएसबी-सीचे तोंड सारखे असले, तरी मागची वाट सारखी नसते. कोठे सेकंदाला ५ गिगाबिट, कोठे १०, कोठे ४०. आणि काही ठिकाणी केवळ जुने ४८० मेगाबिट. तारांचेही तसेच. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या अनेक तारा वीज भरपूर वाहतात, पण माहिती यूएसबी २.० च्याच गतीने नेतात. नवी डिस्क आणि नवा लॅपटॉप असूनही प्रत रखडत असेल, तर प्रथम तार बदलून पाहावी. डिस्कसोबत आलेली तार डिस्कसोबतच बांधून ठेवावी. चार्जिंगसाठी कोणी नेऊ नये, हा नियम घरात घालून द्यावा.

डिस्कची निगा

वेगाचे गणित जमले तरी काही किरकोळ भासणाऱ्या गोष्टी घात करतात. हजारो बारीक फायली नकलण्यास एका मोठ्या फायलीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, कारण प्रत्येक फायलीची नोंद वेगळी करावी लागते. म्हणून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बॅकअप'ची जी सोय असते तीच वापरावी. ती सर्व खाती एका गठ्ठ्यात बांधून देते. हिशेबाचा प्रोग्राम उघडा असताना त्याच्या फायली हाताने नकलू नयेत. अर्धवट लिहिलेली नोंद प्रतीत उतरण्याचा धोका असतो.

डिस्कची मांडणी एफएटी३२ प्रकारची असेल, तर तिच्यात चार गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. लग्नाची चित्रफीत नकलताना 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप येतो तो यामुळे. केवळ विंडोजवर वापर असेल तर एनटीएफएस, आणि मॅक व विंडोज दोन्हींवर असेल तर एक्सएफएटी ही मांडणी निवडावी. मांडणी बदलताना डिस्कवरील सर्व काही पुसले जाते, हे विसरू नये.

काम संपल्यावर 'सेफली रिमूव्ह' करूनच डिस्क काढावी. पडद्यावर प्रत पूर्ण झाल्याचे दिसले, तरी शेवटचा भाग काही वेळा अजून स्मृतीतच असतो. आणि डिस्क घराबाहेर जाणार असेल, तर तिला परवलीचा शब्द लावून कुलूपबंद करावी. गिऱ्हाइकांची येणी-देणी आणि घरातील कागदपत्रे अनोळखी हाती पडणे, हे ती नष्ट होण्याइतकेच अनिष्ट.

एकाच छपराखाली नको

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला आलेल्या महापुराने सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठांत दिवसेंदिवस पाणी राहिले. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तळमजल्यावरील दुकाने, गोदामे पाण्याखाली गेली. अशा वेळी लॅपटॉप आणि त्याची प्रत असलेली हार्ड डिस्क एकाच टेबलाच्या खणात असेल, तर दोन्ही एकदमच भिजतात. आग आणि चोरी यांचेही तसेच आहे.

छायाचित्रकारांच्या व्यवसायातून रूढ झालेला एक सोपा नियम येथे मार्गदर्शक ठरतो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. पेढीच्या भाषेत सांगायचे, तर एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी दुकानातील सुट्या डिस्कवर, आणि तिसरी गावातल्याच पण वेगळ्या भागातील नातेवाइकाच्या घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर, किंवा इंटरनेटवरील साठवणीत. दोन सारख्या डिस्क घ्याव्यात, त्यांवर 'अ' आणि 'ब' अशा चिठ्ठ्या लावाव्यात. या आठवड्यात 'अ' दुकानात असेल तेव्हा 'ब' बाहेर असावी. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे विषाणू जोडलेल्या डिस्कवरही पसरतात. म्हणून प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवावी. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही सुरक्षित प्रत नव्हे.

हे काम कोणी करावयाचे, हेही नावानिशी ठरलेले असावे. एकत्र कुटुंबात 'कोणीतरी केले असेल' या समजुतीवर बरीच कामे राहून जातात. घरातील सून, मुलगा, गुमास्ता, ज्याच्याकडे ही जबाबदारी असेल त्याने एका साध्या वहीत तारीख, डिस्कचे अक्षर आणि आपली सही अशी नोंद करावी. महिन्याचे जीएसटी विवरण भरून झाले, की त्याच संध्याकाळी प्रत घ्यावी; तारीख लक्षात ठेवण्याचा वेगळा खटाटोप उरत नाही.

आणि वर्षातून एकदा, नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभी, घेतलेली प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. तीन वर्षांपूर्वीचे एखादे बिल, एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचे खाते, एखादे छायाचित्र नीट उघडते का हे तपासावे. जे उघडले नाही त्याची प्रत मूळ लॅपटॉप चालू आहे तोवर पुन्हा घेता येते. तो बंद पडल्यावर ती संधी राहत नाही.